अर्धं शिजलेलं पातेलं

सोलमधल्या छोट्या हॉटेलांच्या दारावर दुपारी तीनच्या सुमारास 'ब्रेक टाइम'ची पाटी लागते आणि पाचपर्यंत ती हलत नाही. गिऱ्हाइकाच्या लेखी हॉटेल बंद असतं, पण आतल्या माणसांची घाई तेव्हाच सुरू होते. सकाळची ग्रेव्ही तळाला गेलेली असते, संध्याकाळची लागायची असते, नानचा मैदा मळायचा असतो आणि या सगळ्यात कुठेतरी जेवायचंही असतं. आपल्याकडे हॉटेल लाइनीत वाढलेल्या माणसाला उभ्या उभ्या, ओट्याच्या कडेला ताटली टेकवून जेवायची सवय असते. इथे मात्र सगळे बसतात. मधे छोटी गॅसची शेगडी, तिच्यावर एक पातेलं, आणि भोवती ज्याची त्याची भाताची वाटी.

चोंग्नो भागातल्या अशाच एका भारतीय हॉटेलात गोव्यातल्या डिचोलीचा एक स्वयंपाकी काम करतो. कळंगुटला कॉमी, म्हणजे शिकाऊ आचारी, म्हणून लागला, कांदा चिरता चिरता करीच्या गॅसपर्यंत पोचला आणि करोनाची साथ ओसरल्यावर कोरियात आला. परदेशी आचाऱ्यांना तिथे 'ई-सेव्हन' नावाच्या कौशल्याच्या व्हिसावर घेतात. त्याच्याबरोबर तंदूरवर टिहरीकडचा गढवाली आहे, भांड्यांवर कॉलेज सांभाळून काम करणारा नेपाळी मुलगा आहे, आणि पूर्वतयारीला साठी ओलांडलेली एक कोरियन बाई आहे. तिला सगळे 'इमो' म्हणतात, म्हणजे मावशी. कोरियन खाणावळीतल्या बाईला गिऱ्हाइकंही हीच हाक मारतात. कांदा-लसूण सोलणं, मुळ्याच्या लोणच्याच्या वाट्या भरणं आणि ठरलेल्या दिवशी स्टाफ फूड करणं हे तिचं काम. एरवी डाळ-भात असतो. इमोच्या दिवशी जागुरी.

जागुरी हा चुंगचोंग प्रांतातला, विशेषतः चोंगजू शहराच्या बाजूचा पदार्थ. डुकराचं मांस, बटाटा, कांदा आणि लाल तिखट हे त्याचं मूळ रूप. पातळ कालवण म्हणून चढवायचं आणि आटवत आटवत सुक्या भाजीच्या अलीकडे आणून थांबायचं. ताज्या मांसाऐवजी डब्यातलं मांस घालून केलेली जागुरी ही त्याची घरगुती, झटपट आवृत्ती. बेक जोंग-वॉन या टीव्हीवरच्या लोकप्रिय आचाऱ्यामुळे ती घरोघरी पोचली, असं कोरियन माणसं सांगतात. इमो चोंगजूचीच. तिला हे श्रेय मान्य नाही. घरात बटाटा आणि डबा असताना कुणी उपाशी झोपलेलं आपण पाहिलेलं नाही, ते काय टीव्हीवाल्याने शिकवलं का, असं ती विचारते.

भारतीय हॉटेलात हे पातेलं चढवणं वाटतं तितकं सोपं नाही. गिऱ्हाइकांत शाकाहारी असतात, डुकराचं न खाणारे असतात, आणि मेन्यूवर तो पदार्थच नसतो. त्यामुळे मालकाची अट साधी आणि कडक आहे: हॉटेलच्या गॅसवर, हॉटेलच्या भांड्यात, हॉटेलच्या सुरीने काहीही करायचं नाही. मागच्या दाराजवळ एका फळीवर इमोचा वेगळा संसार मांडलेला आहे. ब्यूटेनच्या डबीवर चालणारी शेगडी, पिवळट ॲल्युमिनियमचं पातेलं, लाल चिकटपट्टी लावलेला चिरायचा पाट, एक सुरी. ती भांडी वेगळी घासली जातात आणि त्यांची घासणीही लाल. हॉटेलच्या शिस्तीत तयार झालेल्या त्या गोवेकराला ही व्यवस्था पहिल्यापासून आवडली. चव नंतर आवडली.

कृती ऐकायला अगदीच किरकोळ आहे. दोघा-तिघांसाठी २०० ग्रॅमचा एक डबा, दोन-तीन बटाटे, एक कांदा, कोरियन पातीचा कांदा, ठेचलेला लसूण. मसाला म्हणजे गोचुजांग एक चमचा, गोचुगारू दोन चमचे, थोडा सोया सॉस, चिमूटभर साखर. पाणी अर्ध्या लीटरहून थोडं जास्त. पाण्याऐवजी इमो तांदळाचं दुसरं धुवण घालते, कारण त्यातल्या पिठाने रश्शाला अंग येतं. गोचुजांग ही मिरची, चिकट तांदूळ, सोयाबीनचं आंबवलेलं पीठ आणि मीठ यांची मुरवलेली लाल चटणी. गोचुगारू म्हणजे जाडसर भरडलेलं तिखट. आपल्या बारीक तिखटासारखं ते पाण्यात लगेच मिसळत नाही, भिजायला वेळ घेतं. अंगावर येणारा तिखटपणा या दोन्हींत नाही. तो येतो चोंग्यांग नावाच्या बारीक हिरव्या मिरचीतून. १९८३ साली तयार झालेला हा वाण आज कोरियन स्वयंपाकात झणझणीतपणाचं मापच होऊन बसला आहे.

या मिरचीचा आणि डिचोलीचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. अमेरिका खंडातली ही वनस्पती पूर्वेकडे आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने. गोव्यात ती रुजली आणि त्याच शतकाच्या अखेरीस जपानमार्गे कोरियात उतरली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १६१४ सालच्या 'जिबोंग युसोल' या कोरियन ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. गोव्याचा आचारी आणि चोंगजूची बाई एकाच पातेल्यावर मिरची कमी की जास्त यावरून हुज्जत घालतात, तेव्हा दोघांच्याही पूर्वजांच्या ताटात मिरची येऊन जेमतेम चार-पाच शतकं झालेली असतात. दोघंही मात्र ती अनादी काळापासून आपलीच असल्याच्या थाटात बोलतात.

डबा वापरण्याची इमोची पद्धत त्याने आधी कुठे पाहिली नव्हती. डब्यातली गुलाबी वडी ती प्लास्टिकच्या पिशवीत टाकते आणि तळहाताने चिरडते. सगळी नाही, अर्धी. उरलेल्या अर्ध्या वडीच्या जाड फोडी करते. चिरडलेलं मांस रश्शात विरतं, त्याची चरबी सुटते आणि लाल तवंग वर येतो. फोडी दाताखाली येण्यासाठी राहतात. वरून तेलाचा थेंब नाही. बटाट्याचंही तसंच: निम्मे काप पातळ, निम्मे जाड. पातळ विरघळून रस दाट करतात, जाड टिकून राहतात. कापण्यातला हा फरक हाच तिचा कॉर्नफ्लोर.

मग मीठ.

हॉटेलात शिकलेला माणूस मिठाचा हात सहज उचलतो. ग्रेव्ही उकळली की चाखायची, कमी असेल तर लगेच घालायचं. गॅसवरून उतरणारा पदार्थ हा पूर्ण पदार्थ, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. जागुरी उकळल्यावर त्याने चाखली तेव्हा ती पचपचीत, जवळजवळ अळणी लागली. त्याचा हात मिठाच्या डब्याकडे गेला, तर इमोने डबाच उचलून मागे ठेवला.

"कमी आहे, इमो."

"आत्ता कमीच असायला हवं. तू आत्ता जेवणार आहेस का?"

हिशेब सरळ आहे, पण तो आचाऱ्याच्या जिभेला नव्हे तर डोक्याला करावा लागतो. पाणी आटतं, मीठ आटत नाही. अर्धा लीटर रस पाव लीटरवर आला की खारटपणा जवळजवळ दुप्पट होतो. थोडं मीठ बटाटा पितो, पण थोडंच. आणि डबा म्हणजे मिठाची खाणच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मूळ 'स्पॅम' या डबाबंद मांसाच्या लेबलवर ५६ ग्रॅमच्या एका वाढीत ७९० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने ३४० ग्रॅमच्या डब्यात साधारण १२ ग्रॅम मीठ होतं, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. कोरियात बनणारा डबा अमेरिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, तरी त्यावर गोचुजांग आणि सोया सॉस पडतातच. म्हणजे या पदार्थात डबा हे मांस कमी आणि मीठ-चरबीची पुडी जास्त. खरी भाजी बटाट्याची. डबा तिला चव पुरवायला आहे.

हे उमगल्यावर डिचोलीच्या माणसाला घरचं काहीतरी आठवणं स्वाभाविक होतं. गोव्यातली चोरीस: व्हिनेगर, मिरची आणि मिठात मुरवून वाळवलेलं डुकराचं मांस. बाजारात तिच्या माळा टांगलेल्या असतात. ती कांदा-बटाट्यात शिजवताना वरून तेल घालत नाहीत आणि मीठही घालायची घाई करत नाहीत. त्याच्या घरी ती होत नसे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे तो खात असे आणि पुढे हॉटेलात शिजवू लागला. इमोला त्याने फोनवर चोरीसचा फोटो दाखवला. तिने एकच प्रश्न विचारला: यात बटाटा घालता ना? घालतो म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

डबा कोरियात आला त्याची कथा मात्र गोव्याच्या मुरंब्या-लोणच्यांची नाही, युद्धाची आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन गावात हॉर्मेल कंपनीने १९३७ साली स्पॅम बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांच्या शिध्याबरोबर जगभर फिरलं, आणि १९५० ते ५३ च्या कोरियन युद्धानंतर अमेरिकी तळांच्या कुंपणातून बाहेर झिरपू लागलं. मांस मिळणं दुरापास्त होतं. तळावर काम करणारी माणसं डबे, सॉसेज, हॅम बाहेर आणत. हा माल विकणं बेकायदेशीर होतं, तरी तो विकला जात असे आणि पोटात जात असे. त्याही आधी तळावरची उष्टी-खरकटी एकत्र उकळून विकली जात. त्या लापशीच्या नावातच डुक्कर आहे. इमो ते नाव घेत नाही. तिच्या आईने ती खाल्लेली होती, एवढंच तिने एकदा लसूण सोलता सोलता सांगितलं आणि विषय बदलला.

सोलच्या उत्तरेला उइजोंगबू शहर आहे. चोंग्नोहून १ नंबरची मेट्रो सरळ तिथे जाते. सुटीच्या दिवशी गोवेकर आणि नेपाळी मुलगा इमोच्या सांगण्यावरून तिथे गेले. तिथल्या एका गल्लीत दोन्ही बाजूंना 'बुदे जिगे'ची हॉटेलं आहेत. त्या नावाचा अर्थच पलटणीचं कालवण. या गल्लीची सुरुवात 'ओदेंग शिकदांग' नावाच्या हॉटेलपासून मानतात. हो गी-सुक नावाच्या बाईंनी १९६० साली ते माशांच्या वड्या विकणारी गाडी म्हणून सुरू केलं. तळावरून आलेलं हॅम-सॉसेज त्या आधी नुसतं परतून देत. भाताबरोबर ओलं काहीतरी हवं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी त्यात किमची, तिखट आणि पाणी घातलं, आणि पदार्थ झाला. माल कुठून आला याच्या चौकशा होत, कस्टमचे लोक येत. आज तीच गल्ली शहराची शान म्हणून मिरवते, आणि ज्या पलटणींमुळे ती जन्मली त्यांचा उइजोंगबूतला 'कॅम्प रेड क्लाउड' हा तळ २०१८ साली बंद झाला आहे.

गोवेकराचं लक्ष इतिहासापेक्षा सर्व्हिसकडे होतं. टेबलावर आलेलं पातेलं कच्चं होतं. हॅम, सॉसेज, पाती, किमची नीट रचून वर मसाल्याचा गोळा, बाजूने रस्सा, आणि झाकण. वेटर बाईने शेगडी पेटवली आणि ती निघून गेली. झाकण कधी काढायचं, नूडल्स कधी घालायच्या, रस्सा आटला की वाढवून मागायचा की नाही, सगळं बसलेल्या माणसांनी ठरवायचं. कळंगुटच्या कुठल्याही शेफने अर्धा शिजलेला पदार्थ टेबलावर पाठवला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर यायची गरज उरली नसती. इथे अर्धवटपणा हाच पदार्थाचा करार होता. आचारी तयारी करतो, शेवट गिऱ्हाईक करतं.

जागुरीतही तेच होत होतं, फक्त ते त्याला किचनमध्ये दिसत नव्हतं. इमो पातेलं उतरवून आणते तेव्हा बटाटा नुकताच शिजलेला असतो आणि रस पातळ असतो. मग शेगडी टेबलावर येते, आच मंद होते आणि सगळे जेवू लागतात. पहिल्या पाच मिनिटांत तो रस्सा असतो, भातावर ओतून खायचा. पुढच्या पाच मिनिटांत त्याचा लगदा होऊ लागतो, तेव्हा तो भातात कालवायचा. शेवटी बुडाला लागलेला लालभडक थर उरतो आणि त्यासाठी नेपाळी मुलगा व गढवाली यांच्यात चमच्यांची लढाई होते. एका जेवणात तीन पदार्थ, आणि तिन्हींचं मीठ वेगळं. आचाऱ्याने मधल्या टप्प्यासाठी चव लावायची असते. सुरुवातीला किंचित कमी, शेवटी किंचित जास्त, हे गृहीत धरून.

यातला गढवाली तर डुकराचं खात नाही, मग तो त्या लढाईत असतो कसा? त्याच्यासाठी इमो दुसरं, छोटं पातेलं लावते. त्यात ट्यूनाचा डबा. कोरियात डबाबंद ट्यूना १९८२ पासून बाजारात आहे, आणि ट्यूनाची जागुरीही तितकीच रुळलेली. पण हिशेब बदलतो. ट्यूनाला डुकराची चरबी नाही, म्हणून डब्यातलं तेल फेकायचं नाही, तेच पातेल्यात घालायचं. मीठ कमी, म्हणून सोया सॉस वाढवायचा. मासा चिरडावा लागत नाही, तो आपसूक सुटतो. म्हणून मासा अगदी शेवटी, बटाटा शिजल्यावर घालायचा. नेपाळी मुलगा दोन्ही पातेल्यांतलं खातो आणि दोन्हीकडच्या थरावर हक्क सांगतो. भांडणाचं मूळ ते आहे.

बटाट्यानेही वर्षभर एकसारखं वागायचं नाकारलं. कोरियात सगळ्यात जास्त पिकतो तो 'सुमी' नावाचा वाण, मूळ अमेरिकेतला 'सुपीरियर'. डोंगराळ गांगवोन प्रांत बटाट्यासाठी नावाजलेला. तिथे भाताची शेती कठीण, त्यामुळे बटाट्याने अनेक पिढ्या जगवल्या. जूनच्या उत्तरार्धात, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस येतो त्या सुमारास नवा बटाटा निघतो. त्याची साल अंगठ्याने निघते, आत पाणी जास्त असतं. तो विरघळत नाही, नुसता मऊ होतो. साठवणीचा जुना बटाटा पिठूळ, कडा लगेच झिजणारा. नव्या बटाट्याला पाणी कमी घालावं लागतं आणि पातळ काप जास्त करावे लागतात, नाहीतर रस दाट होण्याआधी खारट होतो. इमो बटाटा हातात घेऊन वजन करते, नखाने खरवडते आणि पाण्याचं माप ठरवते. हे माप तिने कधी आकड्यात सांगितलं नाही. त्याने ते लिहून काढायचा प्रयत्न सोडला.

या सगळ्याचा परिणाम बटर चिकनवर झाला. हॉटेलात दुपारी बाराला लागलेली मखनी ग्रेव्ही गरम पाण्याच्या ट्रेमध्ये तीनपर्यंत उभी असते. ऑर्डर येईल तशी त्यातून पळी जाते, आणि उरलेली आटत राहते. दीडच्या गिऱ्हाइकाला बरोबर लागणारी ग्रेव्ही अडीचच्या गिऱ्हाइकाला खारट लागते, हे त्याला गोव्यापासून माहीत होतं. उपाय म्हणून मधेच पाणी किंवा क्रीम ओतलं जाई. आता तो सकाळी ग्रेव्हीत मीठ मुद्दाम कमी ठेवतो आणि प्रत्येक ऑर्डर कढईत उतरवताना चिमटीने पूर्ण करतो. काम वाढलं. मालकाने सुरुवातीला विचारलंही, एवढ्या वेळा मीठ कशाला? गर्दीच्या दिवशी अडीचला जेवणारी टेबलं पाणी कमी मागू लागली, तेव्हा मालकाने विचारणं थांबवलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कोरियात चुसोकचा सण येतो. तेव्हा दुकानांत स्पॅमचे गिफ्ट सेट रचलेले असतात, छान खोक्यात ओळीने डबे. १९८७ पासून तिथली सीजे ही कंपनी परवान्यावर स्पॅम बनवते, आणि अमेरिकेनंतर सर्वात जास्त स्पॅम खाणारा देश म्हणून कोरियाचं नाव घेतात. कंपन्या कामगारांना देतात, भाचे मावशांना देतात. ज्या पिढीने ते कुंपणापलीकडून चोरून आणलेलं खाल्लं, तिच्याच नातवंडांनी ते रेशमी फितीत बांधावं, याचं परक्या माणसाला नवल वाटतं. इमोला वाटत नाही. मांस मिळत नव्हतं तेव्हा ते मोलाचं होतं, म्हणून भेटीचं झालं, आणि एकदा भेटीचं झालं की मग ते का दिलं जायचं हे कोण लक्षात ठेवतं, असा तिचा सवाल. मालकाने सगळ्यांना एकेक खोकं दिलं, गढवालीला तेवढं ट्यूनाचं. मग अदलाबदलीचा बाजार भरला आणि इमोच्या फळीवर वर्षाची बेगमी झाली.

मध्यंतरी गुडघ्याच्या उपचारासाठी इमो रजेवर गेली. जाताना तिने लाल पट्टीचा पाट, पातेलं आणि शेगडी गोवेकराच्या ताब्यात दिली. कृती सांगितली नाही, फक्त ब्यूटेनच्या डब्या उन्हात ठेवू नकोस असं दोनदा बजावलं. जून होता, बटाटा नवा होता. त्याने पाणी कमी घेतलं, काप पातळ केले, पिशवीत अर्धा डबा चिरडला आणि पातेलं टेबलावर आणलं. नेपाळी मुलाने पहिला चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"दाजू, नून कम छ."

"पाच मिनिटं थांब," गोवेकर म्हणाला आणि आच थोडी वाढवली. पोरगा थांबणाऱ्यातला नव्हता. रस दाट होईतो त्याने अर्धी वाटी भात नुसत्या मुळ्याच्या लोणच्याशी संपवला होता, आणि गढवाली दुसऱ्या पातेल्याच्या बुडाशी चमचा टेकवून तयार बसला होता.